अनुदानाचा अर्ज : आकड्यांना लाभलेली वाचा

बँकेच्या शाखेत काम करणाऱ्यास स्वयंसेवी संस्थांची दोन रूपे पाहावयास मिळतात. एक रूप कार्यक्षेत्रातील आणि दुसरे कागदावरील. दहा-दहा वर्षे तळमळीने झटणारी संस्था कागदावर उतरली की अनेकदा अबोल होते. तिचा अनुदानासाठीचा अर्ज वाचून त्या कामाची पुसटशीही कल्पना येत नाही. दुसऱ्या बाजूस निधी देऊ इच्छिणाऱ्या कंपन्या, न्यास आणि सधन व्यक्ती योग्य संस्थेच्या शोधात असतात. काम असते, पैसाही असतो. दोहोंची गाठ मात्र पडत नाही. ही गाठ घालून देणारा दुवा म्हणजे अनुदानाचा अर्ज.

दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहार परिसरात नोकरीनिमित्त वास्तव्य असताना अशा काही अर्जांना हातभार लावण्याची संधी मला मिळाली. आपल्या ग्राहकांपैकी कितीतरी जण एखाद्या ग्रंथालयाचे विश्वस्त, वसतिगृहाचे कोषाध्यक्ष किंवा महिला मंडळाच्या चिटणीस असतात. आपले सहकारीही निवृत्तीनंतर अशा कामांत रमतात. या सर्वांना उपयोग व्हावा, या हेतूने अर्जलेखनाची काही सूत्रे येथे मांडीत आहे.

दान, देणगी आणि अनुदान

हे तीन शब्द आपण सरसकट वापरतो; पण व्यवहारात त्यांत फरक आहे. दान देणारा देऊन मोकळा होतो. त्याचा हिशेब मागणे आपल्या परंपरेत अप्रशस्त मानले जाते. देणगी संस्थेच्या एकूण कार्यासाठी असते आणि तिची पावती दिली की देणाऱ्याचे बहुधा समाधान होते. अनुदान मात्र ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक अटींवर मिळते. ‘अनु’ या उपसर्गात ‘मागोमाग’ असा अर्थ आहे. व्यवहारातही अनुदानाच्या मागोमाग हिशेब येतो, अहवाल येतो आणि उत्तरदायित्व येते.

त्यामुळे अनुदानाचा अर्ज हे याचनापत्र नव्हे. कर्जाच्या प्रस्तावाशी त्याचे अधिक जवळचे नाते आहे. कर्जमागणी करणारा उद्योजक आपल्याला सांगतो की इतके भांडवल लागेल, त्यातून इतके उत्पादन होईल आणि अमुक मुदतीत परतफेड होईल. संस्थेलाही हेच सांगावयाचे असते; फक्त तिची परतफेड रुपयांत होत नाही. ती सुदृढ बालकांत, वाचू लागलेल्या मुलांत किंवा व्यसनमुक्त माणसांत होते. ही परतफेड निधी देणाऱ्यास दिसेल अशा भाषेत मांडणे, हेच अर्जलेखनाचे सार होय.

पांडवलेण्यातील एक आदर्श मसुदा

ही विद्या परदेशातून आली असा समज असल्यास नाशिकच्या पांडवलेण्यास अवश्य भेट द्यावी. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख तेथे आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते.

बँकेत काम करणाऱ्याचा हात येथे आपोआप हिशेबाकडे वळतो. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस आणि वर्षास दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. हिशेबात एका नाण्याचाही फरक नाही.

लाभार्थी कोण, किती, कशासाठी, किती रक्कम, ती कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अटीवर, या सहाही प्रश्नांची उत्तरे त्या दगडावर आहेत. ‘भिक्षुसंघाच्या सर्वांगीण कल्याणासाठी’ असे मोघम विधान उषवदाताने केले नाही. आजचे कितीतरी अर्ज या कसोटीस उतरत नाहीत.

महाराष्ट्राने दिलेले तीन धडे

पहिला धडा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य पुण्यात सुरू केले. १९०० साली आश्रम हिंगणे येथे रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेत, एका साध्या झोपडीत गेला. महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ सालची आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली ती १९२० साली. झोपडीपासून त्या देणगीपर्यंत वीस वर्षांचे अंतर आहे. या काळात गणिताच्या या प्राध्यापकाने लहानमोठ्या वर्गणीदारांचा विश्वास जोडला. मोठी रक्कम लहान रकमांच्या चोख हिशेबावर उभी राहते. कर्जदाराचा पूर्वेतिहास पाहूनच आपण कर्जाची मर्यादा वाढवतो. अनुदान देणाराही तेच करतो.

दुसरा धडा पुण्याच्या ‘मुक्तांगण’चा. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू करण्यासाठी अर्थसाहाय्य देण्यास स्वतःहून पुढे आले. १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. येथे कोणी अर्ज केला नव्हता. पाहिलेले प्रामाणिकपणे सांगितलेला लेखच अर्ज ठरला. तथापि त्या लेखनामागे प्रत्यक्ष भेटी होत्या, आणि केंद्र चालविण्यासाठी मनोविकारांची जाणकार डॉक्टर उपलब्ध होती, हेही विसरता कामा नये. गोष्टीने मन हलते. पण तिच्या पाठीशी काम करणारे समर्थ हात दिसावे लागतात.

तिसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घरोघरी काळजी घेण्याची पद्धत राबविली आणि तुलनेसाठी ४७ गावांतील नोंदीही ठेवल्या. काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती आधीच मोजलेली होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे दिसले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत या स्वरूपाची सेवा देशभर स्वीकारली. तुलनेची गावे नसती, तर ‘मृत्यू कमी झाले’ हे विधान केवळ दावा राहिले असते.

याच डॉक्टरांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाचे नाव आहे ‘कोवळी पानगळ’. आत आकडे आणि कोष्टके. पण मुखपृष्ठावरील दोन शब्दांत सारी वेदना. आकडे आणि गोष्ट परस्परांचे वैरी नसून सोबती आहेत, हे त्या दोन शब्दांनी दाखविले.

मयूर विहारातील एक अर्ज

मयूर विहारच्या पहिल्या टप्प्यातील गृहसंकुले आणि यमुना यांच्या दरम्यान नदीची खादर, म्हणजे पूरक्षेत्रातील गाळाची जमीन पसरलेली आहे. तेथे भाजीपाला पिकवणारी आणि रोपवाटिकांत राबणारी कुटुंबे झोपड्यांत राहतात. जवळच मोठ्या इमारती, मेट्रोची स्थानके आणि रुग्णालये आहेत. खादरातील मुलाला मात्र शाळेत जावयाचे तर वाहता रस्ता ओलांडून जावे लागते.

परिसरातील एक निवृत्त मराठी शिक्षिका काही सहकाऱ्यांसह या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवीत असत. आम्ही सारे त्यांना ‘बाई’ म्हणत असू. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरवर पोहोचली आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. खादर पाण्याखाली गेली. शेकडो कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्यांच्या कडेने ताडपत्रीच्या आडोशाला आली. वर्गाचे छप्पर, फळा, पेटीतील पुस्तके, सर्व काही वाहून गेले. वर्गणीवर चाललेला हा वर्ग पुन्हा उभा करण्याइतके बळ संस्थेच्या खात्यात नव्हते. बाहेरून निधी न मिळाल्यास दिवाळीनंतर वर्ग बंद करावा लागणार होता. आणि वर्ग बंद होणे म्हणजे मोठ्या मुलींनी धाकट्या भावंडांना सांभाळत शेतावर राहणे, हे बाई अनुभवाने जाणत होत्या.

संस्थेने एका कंपनीकडे अर्ज पाठविला होता. तो नामंजूर होऊन आला होता. त्याची सुरुवात अशी होती : “आमची संस्था समाजातील दुर्बल व वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी गेली अनेक वर्षे निरलसपणे कार्यरत असून, शिक्षणाच्या माध्यमातून सामाजिक परिवर्तन घडविणे हे आमचे ध्येय आहे.”

या वाक्यात खोटे काहीच नाही. अडचण अशी की, हे वाक्य देशातील कोणत्याही संस्थेच्या अर्जात जसेच्या तसे बसेल. त्यात यमुना नाही, खादर नाही, मूलही नाही. आम्ही चार संध्याकाळी एकत्र बसलो आणि नव्या अर्जाची सुरुवात अशी झाली (संस्थेची ओळख राखण्यासाठी या लेखातील तिचे आकडे नमुन्यादाखल बदलले आहेत) :

“यमुनेच्या खादरात आमच्या वर्गास ४० मुले येतात. त्यांपैकी २२ मुली आहेत. जुलैतील पुरात वर्गाची जागा वाहून गेली. सहाव्या दिवशी रस्त्याकडेच्या तंबूंशेजारी आम्ही पुन्हा वर्ग भरविला. त्या दिवशी ३१ मुले हजर होती. जूनमध्ये घेतलेल्या चाचणीनुसार ४० पैकी ९ मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत होती. येत्या वर्षअखेर ही संख्या २८ व्हावी आणि सध्या शाळेबाहेर असलेल्या १२ मुलांची नावे सरकारी शाळेत दाखल व्हावीत, यासाठी आम्ही साहाय्य मागत आहोत.”

पहिल्या मसुद्यातील विशेषणे गेली आणि त्यांच्या जागी संख्या व क्रियापदे आली. सहाव्या दिवशी वर्ग भरला, या एका वाक्यात ‘निरलसपणे’ या शब्दाहून अधिक आहे. पुरातही ३१ मुले वर्गास येतात, यातून गरज आणि विश्वास दोन्ही सिद्ध होतात. वाचनाची चाचणी आम्ही ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणातील साधनाने घेतली होती. २००५ पासून देशभर वापरले जाणारे हे साधन अत्यंत सोपे आहे : मुलास अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचण्यास देऊन तो कोणत्या पायरीवर आहे हे पाहावयाचे. लहान संस्थेने स्वतःचे मोजमाप शोधत बसण्यापेक्षा असे मान्यताप्राप्त साधन वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

शाळाप्रवेशाचे उद्दिष्टही हवेत मांडलेले नव्हते. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावयास हवा. पुरात कागदपत्रे गमावलेल्या कुटुंबांसाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे अर्जात दोन ओळींत नमूद केले. आपल्या कामाला कायद्याचा कोणता आधार आहे, हे सांगणारी संस्था अभ्यासू ठरते.

अर्जाची प्रमुख अंगे

कोणत्याही अर्जात पुढील पाच गोष्टी क्रमाने याव्यात.

१. गरज : कोणाची, कोठे आणि किती. देशाची आकडेवारी एका वाक्यात आटोपावी आणि आपल्या वस्तीची आकडेवारी विस्ताराने द्यावी.

२. कृती : आपण नेमके काय करणार, कोण करणार आणि कोणत्या महिन्यात करणार. बारा महिन्यांचे साधे वेळापत्रक जोडावे.

३. निष्पत्ती आणि परिणाम : या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. ‘वर्षात २४० वर्ग भरले’ ही निष्पत्ती झाली. ‘२८ मुले गोष्ट वाचू लागली’ हा परिणाम झाला. निधी वर्गांसाठी दिला जातो. पण तो वाचनासाठी दिलेला असतो.

४. मोजमाप : आरंभीची स्थिती, मधली पाहणी आणि अखेरची पाहणी. आरंभीची स्थिती नोंदविली नसल्यास पुढील सारी प्रगती सिद्ध करता येत नाही.

५. सातत्य : अनुदान संपल्यावर काम कसे चालेल. ‘आम्ही स्वावलंबी होऊ’ असे आश्वासन पुरेसे नाही. वर्गणीदार किती, पालकांचा सहभाग कोणता आणि कोणता भार शासकीय योजनेवर जाईल, हे सांगावे.

अंदाजपत्रक : अर्जाचा कणा

अनुदान देणारे अनुभवी अधिकारी अर्जाचे शेवटचे पान आधी वाचतात, कारण संस्थेचे खरे विचार अंदाजपत्रकात दिसतात. उदाहरणादाखल वरील वर्गाचे वार्षिक अंदाजपत्रक पाहू :

दोन अर्धवेळ शिक्षिकांचे मानधन (प्रत्येकी दरमहा रु. १२,०००) : रु. २,८८,०००
पुस्तके, वह्या व साहित्य (४० मुले, प्रत्येकी रु. १,५००) : रु. ६०,०००
छप्पर, चटया, फळा व सौरदिवे : रु. ४५,०००
हिशेबलेखन व लेखापरीक्षण : रु. ३६,०००
पाहणी, चाचण्या व प्रवास : रु. २४,०००
पूरकाळातील स्थलांतरासाठी राखीव : रु. २७,०००
एकूण : रु. ४,८०,०००

एकूण रकमेस ४० ने भागल्यास प्रत्येक मुलामागे वर्षास रु. १२,००० आणि महिन्यास रु. १,००० इतका खर्च येतो. हा दरडोई आकडा अर्जात आवर्जून द्यावा. वाचणाऱ्यास तुलना करणे सोपे जाते. हिशेबलेखन आणि पाहणी यांवरील रु. ६०,००० म्हणजे एकूण खर्चाच्या साडेबारा टक्के. अनेक संस्था हा खर्च दडवून ठेवतात किंवा ‘इतर’ या सदरात टाकतात. तसे करू नये. चोख हिशेब ठेवण्यास पैसा लागतो, हे निधी देणारे जाणतात. किंबहुना हिशेबासाठी तरतूदच नसलेले अंदाजपत्रक त्यांना चिंतेत टाकते.

राखीव निधीच्या ओळीवर कंपनीने शंका काढली होती. पूर नित्याचा नसताना ही तरतूद कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. दिल्लीतील जुन्या लोखंडी पुलापाशी धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे आणि ती ओलांडली की खादरातील कुटुंबांना हलावेच लागते, हे आम्ही नदीच्या पातळीच्या आकड्यांसह कळविले. तरतूद मान्य झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये यमुना पुन्हा २०७ मीटरच्या वर गेली, तेव्हा त्या तरतुदीतून फळा व पुस्तके वेळीच उंचावर हलविता आली आणि वर्गाचा फार खंड पडला नाही. अंदाजपत्रकातील एक ओळ किती मोलाची असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

गोष्ट कोणाची आणि कोणासाठी

आकडे बुद्धीस पटतात. परंतु निर्णय घेणारा अधिकारी दिवसाकाठी पन्नास अर्ज वाचत असतो. त्याच्या स्मरणात एखादे चित्र राहते. बाबा आमटे यांच्या आनंदवनाचा आरंभ १९५१ साली सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये यांवर झाला, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ‘अल्प साधनांनिशी’ असे म्हटले असते तर ती कोणाच्याही लक्षात राहिली नसती. गायीचे लंगडेपण आणि रुपयांची मोजदाद यांमुळे ती मनात घर करते.

म्हणून अर्जात एका व्यक्तीची एकच गोष्ट, आठ-दहा ओळींत सांगावी. त्या गोष्टीत अडचण असावी, प्रयत्न असावा आणि बदल असावा. महत्त्वाचे म्हणजे त्या गोष्टीची नायिका ती मुलगी असावी, संस्था नव्हे. संस्थेने मुलीला ‘उद्धरिले’ असे लिहिण्यापेक्षा, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती वर्गास येत राहिली आणि संस्थेने तिच्या भावासाठी कोपऱ्यात चटई टाकून दिली, असे लिहावे. त्यात तिची जिद्द आणि संस्थेची समज दोन्ही दिसतात.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पुरानंतर काही हितचिंतकांनी बाईंना सुचविले की, ताडपत्रीखाली रडणाऱ्या मुलांची छायाचित्रे जोडा, म्हणजे निधी हमखास मिळेल. बाईंनी शांतपणे नकार दिला. त्या म्हणाल्या, “या मुलांचे रडणे विकून मला फळा घ्यायचा नाही. उद्या हीच मुले मोठी होऊन तो अर्ज वाचतील, तेव्हा त्यांना मान खाली घालावी लागू नये.”

वर्गाची गरज तातडीची असताना हा नकार देणे सोपे नव्हते. अखेर अर्जास जोडले गेले ते तंबूशेजारी मांडलेल्या वर्गाचे, मुले पाठमोरी बसलेली असतानाचे छायाचित्र, आणि तेही पालकांच्या लेखी संमतीने. नाव, पत्ता, आजार, जात किंवा कौटुंबिक दुःख यांचा उल्लेख करण्यापूर्वी संमती घ्यावी. मुलांचे नाव तर बदलावेच. आपल्या व्यवसायात ग्राहकाची गोपनीयता आपण जशी जपतो, तशीच लाभार्थ्याची गोपनीयता संस्थेने जपली पाहिजे. बाईंनी घालून दिलेली कसोटी मला आजही पुरेशी वाटते : ज्याची गोष्ट आहे त्याला ती वाचून दाखविता येईल का? उत्तर ‘होय’ असेल, तरच ती अर्जात घालावी.

कागदपत्रांची शिदोरी

उत्तम लिहिलेला अर्जही कागदपत्रांअभावी मागे पडतो. संस्थेने पुढील बाबी एका धारिकेत सदैव तयार ठेवाव्यात : नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, आयकर विभागाकडील नोंदणी व देणगीदारांच्या करसवलतीस मान्यता, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांची यादी. १९६१ च्या आयकर कायद्यातील ‘१२ ए बी’ आणि ‘८० जी’ हे उल्लेख सर्वांच्या ओळखीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या २०२५ च्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, हे पत्रव्यवहारात ध्यानी ठेवावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी थोडे अधिक सांगणे उचित ठरेल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये नक्त नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. असा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेस ‘सीएसआर-१’ नमुन्यात नोंदणी आवश्यक असून, स्वतंत्र संस्थेस साधारणतः तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. ‘काम सुरू करण्यासाठीच पैसे हवेत’ अशा नवजात संस्थेने म्हणूनच प्रथम वर्गणीवर पाय रोवावेत.

विदेशी निधीसाठी विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी अनिवार्य आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियुक्त खात्यातच स्वीकारावा लागतो आणि त्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा अधिक करता येत नाही. परदेशस्थ आप्ताने प्रेमाने पाठविलेली रक्कमही नागरिकत्व व स्रोत तपासल्याविना संस्थेच्या साध्या खात्यात घेऊ नये.

बँकेच्या दृष्टीने सांगावयाचे तर, प्रत्येक मोठ्या अनुदानासाठी शक्य तेथे वेगळे खाते ठेवावे, खाते दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त स्वाक्षरीने चालवावे, पदाधिकारी बदलताच ठरावाची प्रत शाखेस द्यावी आणि मोठे खर्च रोखीने करू नयेत. वर्षअखेर विनियोग प्रमाणपत्र तयार करताना या शिस्तीचा लाभ कळतो.

मंजुरी आणि नकार

नकार आल्यास खचून जाऊ नये. विनम्रपणे कारण विचारावे. अनेकदा काम चांगले असते, पण ते त्या न्यासाच्या कार्यक्षेत्रात बसत नसते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी देणाऱ्याची मागील अनुदाने, त्याचे जिल्हे आणि त्याचे विषय पाहावेत. एकच मजकूर तीस ठिकाणी पाठविण्यापेक्षा तीन ठिकाणी तीन वेगळे अर्ज पाठविणे अधिक फलदायी होते.

मंजुरी आल्यास खरे काम तेथून सुरू होते. अहवाल वेळेवर द्यावा आणि त्यात अपयशही लिहावे. खादरातील वर्गाने पहिल्या वर्षअखेर २८ ऐवजी २३ मुले गोष्ट वाचू लागल्याचे कळविले. काही कुटुंबे हंगामानुसार गावी गेल्याने मुलांचा अभ्यास तुटला, हे कारणही दिले आणि परतलेल्या मुलांसाठी दीड महिन्याचा उजळणी वर्ग सुचविला. दुसऱ्या वर्षाचा हप्ता रोखला गेला नाही. उलट उजळणी वर्गासाठी थोडी वाढ मिळाली. खरा आकडा सांगणाऱ्या संस्थेची पत वाढते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. अडचण आधी येऊन सांगणाऱ्या कर्जदारावर आपण अधिक विश्वास ठेवतो.

अर्ज पाठविण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत :

• पहिल्या परिच्छेदातून संस्थेचे नाव काढल्यास तो दुसऱ्या कोणत्याही संस्थेस लागू पडेल का? तसे असल्यास तो पुन्हा लिहावा.
• आरंभीची स्थिती आकड्यांत नोंदविली आहे का?
• अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळ कामाच्या वेळापत्रकातील एखाद्या कृतीशी जुळते का?
• गोष्टीतील व्यक्तीची संमती घेतली आहे का?
• या क्षेत्राशी संबंध नसलेल्या व्यक्तीस अर्ज वाचावयास दिला का?

शेवटच्या प्रश्नासाठी वाचकांनी आपल्या शाखेतील परिचित अधिकाऱ्यास अवश्य गाठावे. प्रस्ताव वाचणे हा आमचा नित्याचा व्यवसाय आहे, आणि एखाद्या वस्तीत वर्ग सुरू राहण्यासाठी अर्ध्या तासाचे वाचन ही फार मोठी किंमत नव्हे. आपल्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे की, खात्याचे काम घेऊन आलेल्या संस्थेच्या चिटणिसाला ‘सध्या काय चालले आहे?’ एवढे तरी विचारावे. उत्तर ऐकता ऐकता अर्जाचा पहिला परिच्छेद बहुधा तयार होतो; तो कागदावर उतरवून घेणारे कोणी तरी हवे असते.